ओसाड वाडे, बंद जिनिंग आणि रिकाम्या टॉकीज : आतील छायाचित्रणाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरहून पहाटे निघून रात्रीपर्यंत परत येता येईल अशा अंतरावर उमरेड, काटोल, सावनेर, रामटेक, पवनी, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी अशी कितीतरी गावे आहेत आणि त्या प्रत्येकात वर्षानुवर्षे कुलूप लागलेली एखादी तरी मोठी वास्तू उभी आहे. अशा वास्तूंच्या आत जाऊन छायाचित्रे काढणाऱ्या, किंवा काढू इच्छिणाऱ्या, मंडळींकडून जे प्रश्न वारंवार येतात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. बाहेरून काढलेल्या छायाचित्रांचा विचार येथे केलेला नाही, कारण रस्त्यावरून दर्शनी भागाचा फोटो काढणे आणि कोणाच्या माजघरात उभे राहून फोटो काढणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

या भागात कोणत्या प्रकारच्या वास्तू आढळतात?

सर्वांत जास्त संख्या मालगुजारांच्या, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, वाड्यांची आहे. जुन्या मध्य प्रांतातील मालगुजारी पद्धत १९५१ मध्ये संपली. त्यानंतर एवढे मोठे घर सांभाळण्याइतके उत्पन्न राहिले नाही, मुले शिकून नागपूर-पुण्याला गेली आणि वाडा एकेका खोलीने बंद होत गेला. ढेलज (प्रवेशाची देवडी), चौक, चौकाभोवतीची छपरी (ओसरी), बैठक, माजघर, धान्याची कोठी, कवेलूंचे (कौलांचे) छप्पर आणि सागवानी खांब अशी त्याची साधारण रचना असते.

दुसरा प्रकार जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांचा. भुसावळकडून येणारा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला, १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि कापसाच्या पट्ट्यातील गावोगावी सरकी काढून रुईच्या गाठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. एम्प्रेस मिलच्या जागेवर आज मॉल आणि इमारती आहेत. तालुक्याच्या गावातील जिनिंगची जुनी लांबलचक शेड मात्र पुष्कळदा अजून उभी दिसते, कारण ती पाडून काही बांधावे इतका तेथील जमिनीला भाव नाही.

याखेरीज नॅरोगेज मार्गावरील लहान स्थानके आहेत (७६२ मिलिमीटर रुंदीच्या नागपूर-नागभीड मार्गावरील गाड्या रुंदीकरणासाठी २०१९ मध्ये थांबल्या), एकपडदा टॉकीज आहेत आणि पटसंख्येअभावी बंद पडलेल्या शाळा आहेत. गोसीखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रातील घरांविषयीही विचारणा होते. तेथे जाण्यास माझी हरकत नाही, परंतु ते घर कोणी आपल्या मर्जीने सोडलेले नाही आणि ज्याला सोडावे लागले तो माणूस बहुधा जवळच्याच पुनर्वसित वसाहतीत राहतो. आधी त्याला भेटावे, मग त्याचे घर पाहावे.

रिकामी इमारत बेवारस समजावी का?

नाही. गेल्या अनेक वर्षांत मला खऱ्या अर्थाने बेवारस असे एकही घर आढळलेले नाही. छप्पर कोसळलेले असते, चौकात रुईची झुडपे आणि एरंड माजलेले असतात, तरी घराला मालक असतो, आणि बहुतेक वेळा एक नव्हे तर अकरा असतात. घर पडीक राहण्याचे कारणही पुष्कळदा तेच असते: वाटणी झालेली नाही, कोणी एक जण सही करत नाही, आणि दुरुस्तीला पैसे घालावेत तर ते उद्या कोणाच्या वाट्याला जातील हे ठाऊक नाही. म्हणून ‘घर टाकून दिले आहे’ असे म्हणण्यापेक्षा ‘घर अडकून पडले आहे’ असे म्हणणे अधिक बरोबर ठरते.

मालकाचा शोध कसा घ्यावा?

सुरुवात कागदापासून न करता समोरच्या किराणा दुकानापासून करावी. ‘हा वाडा कोणाचा?’ या प्रश्नाचे उत्तर तेथे दोन मिनिटांत मिळते, आणि किल्ली कोणाकडे असते हेही तेथेच कळते. त्यानंतर गावात सरपंच किंवा पोलीस पाटील यांना आपण कोण आणि कशासाठी आलो हे सांगून ठेवावे.

कागद पाहण्याची वेळ आली तर कोणता कागद कोठे मिळतो हे माहीत असलेले बरे. गावठाणातील घरासाठी सातबारा उपयोगी पडत नाही, कारण तो शेतजमिनीचा उतारा आहे. तेथे ग्रामपंचायतीचा नमुना ८ पाहावा लागतो. नगर भूमापन झालेल्या भागात, ज्याला इतरत्र मालमत्ता पत्रक म्हणतात आणि नागपूरकडे आखीव पत्रिका म्हणतात, तो कागद भूमापन कार्यालयात मिळतो. जमीन नझूलची असेल तर मालकी शासनाची आणि घर भाडेपट्ट्याने घेणाऱ्याचे, अशी स्थिती असू शकते.

एका वारसाने परवानगी दिली तर ती पुरेशी आहे का?

कायद्याच्या दृष्टीने कदाचित असेल, पण व्यवहारात नसते, हे मी स्वतः अनुभवले आहे. हिंगणघाटच्या बाजूच्या एका गावात मी धाकट्या भावाच्या लेखी परवानगीने वाड्यात काम करत होतो. तास-दीड तासाने मोठा भाऊ पोलीस शिपायाला घेऊन आला. दोघांचा वाटणीचा दावा सुरू होता आणि माझी छायाचित्रे म्हणजे समोरच्या पक्षाने घराच्या स्थितीचा गोळा केलेला पुरावा आहे, अशी त्याची समजूत झाली होती. त्याचे काही चुकले असे मला आजही वाटत नाही. तेव्हापासून परवानगी मागताना मी पहिला प्रश्न ‘न्यायालयात काही सुरू आहे का?’ असा विचारतो, आणि उत्तर ‘होय’ असेल तर सर्व पक्षांचा होकार मिळेपर्यंत तिकडे फिरकत नाही.

परवानगीशिवाय आत गेल्यास काय होऊ शकते?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये फौजदारीपात्र अतिक्रमण आणि गृह-अतिक्रमण यांची तरतूद आहे. पहिल्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि दुसऱ्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा तेवढाच दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. या गुन्ह्यात हेतू महत्त्वाचा असतो, म्हणजे गुन्हा करण्याचा अथवा ताबेदाराला धमकावण्याचा, अपमानित करण्याचा किंवा त्रास देण्याचा उद्देश असावा लागतो, हे खरे आहे. पण तुमचा हेतू निर्मळ होता हे भिंतीवरून उडी मारताना पकडले गेल्यावर ठाण्यात बसून समजावून सांगण्याची हौस कोणाला असू नये.

रेल्वेच्या हद्दीत रेल्वे अधिनियम १९८९ चे कलम १४७ लागू होते आणि तेथे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मार्ग बंद आहे म्हणजे मालकी संपली असे होत नाही. नॅरोगेजची केवळ ओढ असेल तर नागपुरात मोतीबागेत संग्रहालय आहे, तेथे इंजिने रीतसर पाहता येतात.

कामठीतील जुन्या बंगल्यांचे काय?

कामठीची छावणी १८२१ पासूनची आहे आणि आजही लष्कराच्या वापरात आहे. लेखी परवानगीशिवाय तेथे कॅमेरा बाहेर काढू नये. पुलगावच्या दारूगोळा भांडाराच्या परिसरातही तेच. शासकीय गुपिते अधिनियम १९२३ हा शंभर वर्षांपूर्वीचा असला तरी जिवंत आहे.

वर्षातील कोणता काळ योग्य?

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत. याची कारणे तीन आहेत आणि त्यांतील प्रकाशाचे कारण सर्वांत कमी बोलले जाते.

नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी येथे सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर असतो, म्हणजे दक्षिणेकडच्या दारातून येणारे ऊन दार जितके उंच तितकेच आत खोलवर पोहोचते. दोन मीटर उंचीच्या दारातून दोन मीटर आत आलेला उन्हाचा पट्टा जमिनीवरून परावर्तित होऊन सगळी खोली उजळतो. मे महिन्याच्या अखेरीस हाच सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, त्यामुळे ऊन उंबरठ्यावरच थांबते आणि आत काळोख राहतो. अर्थात समोर खोल छपरी असेल तर हे गणित बदलते, म्हणून रस्त्याकडच्या खोल्यांपेक्षा चौकाकडे तोंड असलेल्या खोल्या आधी पाहाव्यात.

दुसरे कारण उन्हाचे: मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि बंद खोलीत तासभर तिपाई लावून उभे राहणे शहाणपणाचे नाही. तिसरे कारण पावसाचे, आणि ते जिवाशी संबंधित असल्यामुळे वेगळे सांगतो.

जमीन, माळा आणि भिंती सुरक्षित आहेत हे कसे ओळखावे?

जून ते ऑक्टोबर या काळात आत जाऊच नये. येथील बहुतेक वाड्यांच्या विटा मातीत बसवलेल्या असतात. माकडांनी किंवा वाऱ्याने दोन कवेलू सरकवले की पाणी भिंतीच्या माथ्यावरून आत उतरते, विटांमधल्या दर्जांतील (सांध्यांतील) माती धुऊन जाते आणि बाहेरून चुन्याचा गिलावा शाबूत दिसत असताना आतली भिंत पोकळ झालेली असते. फुगवटा आलेल्या किंवा बाहेर कललेल्या भिंतीखाली उभे राहून चौकट जुळवत बसू नये.

माळ्याचे तंत्र वेगळे. तुळई मध्यभागी मोडत नाही, टोकाशी मोडते, कारण तिचे टोक भिंतीत पुरलेले असते, ओल तेथे साचते आणि वाळवीही तेथूनच शिरते. खालून तुळई अखंड आणि काळीभोर दिसते, पण भिंतीजवळ काठीने ठोकल्यावर भद्द आवाज आला तर वर पाऊल टाकू नये. कडीपाटावर (आडव्या कड्यांवर फळ्या ठोकलेल्या माळ्यावर) चालावेच लागले तर फळ्यांच्या मधोमध न चालता जेथे खिळ्यांची रांग दिसते तेथून, म्हणजे कडीच्या वरून, चालावे. एका जिनिंगच्या माळ्यावर मी हा नियम विसरलो आणि मांडीपर्यंत फळीत गेलो. पाय वाचला. लेन्स वाचली नाही.

परसातील विहीर कठडा नसलेली आणि वेलींनी झाकलेली असू शकते. कॅमेऱ्यात पाहत मागे मागे सरकण्याची सवय असलेल्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

साप, मधमाश्या, वटवाघळे?

नाग, मण्यार आणि घोणस हे तिन्ही विषारी साप या भागात आहेत. घोट्यापर्यंतचे बूट, हातात काठी आणि पडलेल्या कवेलूंच्या ढिगात हात न घालणे एवढे पाळले तर बहुतेक प्रसंग टळतात. दंश झालाच तर आवळपट्टी बांधू नये, जखम कापू किंवा चोखू नये. अवयव स्थिर ठेवून, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून, प्रतिसर्पविष उपलब्ध असलेले रुग्णालय गाठावे.

मला स्वतःला सापांपेक्षा आग्या मोहोळाची धास्ती अधिक वाटते. ते उंच तुळईखाली किंवा कमानीत असते. अत्तर, धूर, फ्लॅशचे लखलखाट आणि मोठा आवाज टाळावा आणि मोहोळ दिसल्यास त्या दिवशी परत फिरावे. वटवाघळांच्या खोलीत विष्ठेची धूळ उडते, म्हणून एन-९५ मुखपट्टी वापरावी आणि त्यांना उठवू नये. दिवसा ती झोपलेली असतात आणि घर सध्या त्यांचेच आहे.

कोणते साहित्य न्यावे?

तिपाई, दोन विजेऱ्या, पाण्याची बाटली आणि सोबत एक माणूस. कॅमेरा कोणताही चालेल. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर २४ ते ३५ मिलिमीटरची लेन्स मला पुरते. १४ किंवा १६ मिलिमीटरने खोली गोदामाएवढी दिसते आणि ज्यांनी ती खोली वापरली त्यांना ती ओळखू येत नाही. मोबाइल असेल तर अतिरुंद लेन्सऐवजी मुख्य लेन्स वापरावी, पडद्यावर बोट दाबून प्रकाशमान (एक्स्पोजर) कुलूपबंद करावे आणि टायमर लावावा.

खिडकी पांढरीफट्ट येते किंवा खोली काळी होते. उपाय काय?

बाहेरचे ऊन आणि आतला कोपरा यांत सहज दहा स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश), म्हणजे हजारपटीहून अधिक, फरक असतो. आयएसओ १००, छिद्र एफ/८, रॉ फाइल, तिपाई आणि दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन ते पाच छायाचित्रे ही नेहमीची पद्धत आहे. नंतर ती एकत्र करता येतात. मात्र एकत्र करताना खिडकीबाहेरचे कडुलिंबाचे पान न् पान दाखवण्याचा अट्टहास करू नये. खोलीत उभ्या असलेल्या माणसाचे डोळेही बाहेर पाहताना दिपतातच, आणि खिडकी थोडी जळलेली राहिली तर चित्र खरे वाटते.

त्याहून सोपा उपाय म्हणजे थांबणे. फुटक्या कवेलूंतून पडणारे कवडसे दर दहा मिनिटांनी जागा बदलतात. सकाळी देवघराच्या कोनाड्यावर असलेला कवडसा दुपारी जात्यावर येतो. कवडशाचा झोत उठून दिसावा म्हणून धूळ उडवणारे किंवा उदबत्त्या पेटवणारे लोक मी पाहिले आहेत. जिनिंगच्या शेडमध्ये कानाकोपऱ्यात जुन्या रुईचे तंतू अडकलेले असतात, तेथे ठिणगी नेणे हा शुद्ध वेडेपणा आहे.

रंगाबाबत एक सूचना. जुन्या घरांच्या भिंतींना नीळ मिसळलेला चुना असतो आणि त्यावरून परावर्तित झालेला प्रकाश सगळी खोली निळसर करतो. कॅमेऱ्याचे स्वयंचलित श्वेतसंतुलन ही निळाई ‘दुरुस्त’ करून टाकते आणि भिंत मळकट राखाडी दिसू लागते. दारातील उजेडात करड्या पुठ्ठ्याचे एक छायाचित्र घ्यावे आणि संतुलन त्यावरून ठरवावे.

कॅमेरा किती उंचीवर ठेवावा?

हा प्रश्न क्वचित विचारला जातो, पण माझ्या मते तंत्रातील सर्वांत महत्त्वाचा आहे. छायाचित्रकार सवयीने उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहतो. वाड्यातील बैठक मात्र गादी-लोडावर बसणाऱ्यांसाठी बांधलेली असते. तेथील कोनाडे बसल्या जागी हात पोहोचेल अशा उंचीवर असतात, खिडकीची बैठी कठडी बसून बाहेर पाहण्यासाठी असते आणि बंगईच्या (झोपाळ्याच्या) कड्या वर असल्या तरी बंगईवर बसणाऱ्याची नजर खालीच असते. म्हणून बैठकीत आणि माजघरात कॅमेरा जमिनीपासून ७०-८० सेंटिमीटरवर ठेवावा. ज्या खोल्या उभ्याने वावरण्याच्या आहेत, उदाहरणार्थ धान्याची कोठी, जिनिंगची शेड, शाळेचा वर्ग, तेथे तो वर न्यावा. कॅमेरा वर-खाली न कलवता पाणसळीत ठेवल्यास खांबांच्या उभ्या रेषाही सरळ राहतात.

टॉकीजमध्ये खिडक्याच नसतात. तेथे काय करावे?

तेथे एकेक चित्र काही मिनिटांचे होते. शटर उघडे ठेवावे आणि विजेरी कॅमेऱ्याजवळून न मारता बाजूने, खुर्च्यांच्या रांगेवरून सरपटत नेल्यासारखी फिरवावी, म्हणजे लाकडाचा आणि फाटक्या रेक्झिनचा पोत उठून येतो. विजेरी एका जागी थांबू देऊ नये. पडद्याच्या मागे जाऊन पाहावे: पडद्याला बारीक छिद्रे असतात, कारण ध्वनिक्षेपक त्याच्या मागे ठेवलेले असत, आणि पुढचे दार उघडे असेल तर मागून तो पडदा चाळणीसारखा दिसतो. प्रोजेक्टर केबिनच्या भिंतीतील लहान चौकोनी झरोक्यांतून सभागृह पाहिल्याशिवाय परत येऊ नये.

चित्र चांगले यावे म्हणून वस्तू हलवाव्यात का?

नाही. खुर्ची उजेडात ओढणे, तुटकी बाहुली पायरीवर ठेवणे, कॅलेंडर सरळ करणे, यांतील काहीही करू नये. भिंतीवरचे कॅलेंडर ज्या महिन्याशी थांबले आहे तो महिना ही त्या घराविषयीची नोंद आहे, आणि आपण पान उलटले तर ती नोंद आपण खोडतो. जाळी-जळमटेही काढू नयेत. आपल्या पावलांचे ठसे धुळीत उमटतातच, म्हणून संपूर्ण खोलीचे छायाचित्र उंबरठ्यावरून आधी घ्यावे आणि मगच आत पाऊल टाकावे.

भिंतीवरचे जुने फोटो आणि कागदपत्रे टिपावीत का?

इमारतीचे छायाचित्र काढल्याने वास्तुकृतीच्या स्वामित्वहक्काचा भंग होत नाही, अशी तरतूद कॉपीराइट अधिनियम १९५७ च्या कलम ५२ मध्ये आहे. पण भिंतीवरच्या तसबिरीतील आजोबा ही वास्तुकृती नव्हे. खोलीचा भाग म्हणून तसबीर दिसत असेल तर हरकत नाही; जवळून टिपायची असेल तर घरच्यांना विचारावे. पत्रे, खातेवह्या, दवाखान्याचे कागद, शाळेचे दाखले यांवर नावे असतात. ती वाचता येतील असे चित्र प्रसिद्ध करू नये. देवघरात मूर्ती असतील तर बूट काढावेत, हे खरे तर लिहावे लागू नये.

‘झपाटलेला वाडा’ असे शीर्षक दिले तर लोक अधिक पाहतात. त्यात गैर काय?

त्या घराची विक्री अडते, शेजारच्या मुलांना रात्री भीती वाटते आणि टवाळ पोरांच्या दुचाक्या मध्यरात्री गावात येऊ लागतात. शिवाय ते खोटे असते. शीर्षकात खोलीचे नाव, महिना आणि वर्ष लिहावे.

वास्तूचे ठिकाण जाहीर करावे का?

गावाचे नाव तालुक्यापर्यंत सांगावे, त्यापुढे नाही, आणि छायाचित्राच्या फाइलमधील स्थाननोंद प्रसिद्ध करण्यापूर्वी पुसावी. जुन्या सागवानाला आणि कोरीव दारांना बाजारात मोठी मागणी आहे. काटोलच्या बाजूच्या एका वाड्याची दारावरची नक्षीदार गणेशपट्टी मी उत्साहाने पत्त्यासह दाखवली होती. पुढच्या हिवाळ्यात गेलो तेव्हा चौकटीच्या जागी विटांचे भगदाड होते. माझ्या चित्रामुळेच ती गेली असे सिद्ध करता येणार नाही, तरी त्या घरच्या म्हाताऱ्या काकूंना ‘मी कोणाला सांगितले नव्हते’ असे मला म्हणता आले नाही.

मालकांना मोबदला म्हणून काय द्यावे?

पैसे बहुधा कोणी घेत नाही. छापील चित्रे द्यावीत, प्रत्येक खोलीचे एक, आणि ती स्वतः नेऊन द्यावीत, कारण चित्र हातात आल्यावरच कोणी तरी सांगते की ही कोठी नव्हे, ही बाळंतिणीची खोली. आठ बाय बारा इंचांचा आकार म्हाताऱ्या डोळ्यांना पुरतो. मागच्या बाजूला तारीख आणि खोलीचे घरातले नाव पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.